मागच्या खिडकीचा पडदा

टेलरमास्तरांच्या बायकोला सगळं गाव गाठोडीमावशी म्हणायचं. तिला त्याचा राग यायचा नाही. नवऱ्याच्या नावाने ओळखलं जाण्यापेक्षा आपल्या कामाच्या नावाने ओळखलेलं बरं, असं ती म्हणायची, आणि मास्तर आसपास असले की जरा मोठ्यानेच म्हणायची.

काम म्हणजे महिला मंडळाचं. औषधाच्या दुकानाच्या मागच्या अंगाला मंडळाची एक लांबट खोली होती. खोलीत एक मोठं टेबल, भिंतीला टेकवलेली बाकं, चहापुरता स्टोव्ह, आणि गुडघ्याने रेटल्याशिवाय न मिटणारं एक कपाट. दर वर्षी थंडी पडायच्या आधी तिथे जुन्या कपड्यांची विक्री व्हायची. जे जमेल ते सरकारी दवाखान्याच्या बाळांच्या वॉर्डला जायचं. आधी पाळणे झाले, मग पांघरुणं झाली, मग वॉर्डात ऊब राहावी म्हणून विजेची शेगडी. डॉक्टरांची बायको मंडळाची अध्यक्ष. तिला सगळ्या अध्यक्षीणबाई म्हणायच्या. बाई मनाने मोठी, पण भाषण तिच्या मनापेक्षाही मोठं. मावशी म्हणायची, बाई बोलायला उभ्या राहिल्या की मी एक कोट मांडीवर घेते, त्या बसेपर्यंत त्याची सगळी बटणं लागलेली असतात.

आलेली गाठोडी सोडायचं, निवडायचं, उसवलेलं शिवायचं काम मावशीकडे होतं. शाळेची तिला फारशी ओळख नव्हती, पण कपडा तिला वाचता यायचा. शर्टाची कॉलर एकाच बाजूला घासलेली दिसली की हा माणूस खांद्यावर ओझी वाहतो. फ्रॉकच्या खिशाला आतून गोड चिकटपणा लागला की ह्या घरात आजी आहे आणि ती लपवून खाऊ देते. गरोदर बाईचा सैल झगा फारसा न वापरताच आला की मावशी तो बाजूला ठेवायची आणि थोडा वेळ कुणाशी थट्टा करायची नाही.

मंडळाचा एक नियम होता, आणि तो मावशीने करून घेतलेला होता. फार वर्षांपूर्वी विक्रीतून घेतलेला निळा फ्रॉक घालून एक मुलगी मंडळाच्या कार्यक्रमाला आली होती. सभेतल्या एका बाईने तो ओळखला. वाईट मनाने नाही, हौसेनेच, पण सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं, हा तर आमच्याकडचा!" त्या मुलीने कार्यक्रम संपेपर्यंत दोन्ही हात छातीशी धरून ठेवले होते, जणू फ्रॉक झाकला तर तो तिचा होईल. पुढे ती मुलगी कधी मंडळात दिसली नाही, तिची आईही नाही. मावशीला त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या बैठकीत, जन्मात पहिल्यांदा, ती उभी राहून बोलली. देणाऱ्याचं नाव विचारायचं नाही. तोंड बघायचं नाही. आणि विकलेला कपडा रस्त्यात दिसला तर ओळख दाखवायची नाही, मग तो आपल्या सख्ख्या आईचा का असेना.

अध्यक्षीणबाईंना हे फार पटलं. त्यांनी त्यावर लांबलचक भाषण केलं, आणि मावशीने घरून कापड आणून मागच्या खिडकीला जाड पडदा शिवला. थेट खालच्या फळीपर्यंत येणारा. तेव्हापासून रीतच पडली. देणारी मागच्या गल्लीतून यायची, गाठोडं पडद्याखालून फळीवर सरकवायची, चौकटीवर टकटक करायची. आतली बाई ते ओढून घ्यायची आणि म्हणायची, "मिळालं हो." बस. बाहेरची पावलं गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत आतलीने पडद्याला हात लावायचा नाही. औषधाच्या दुकानदारालासुद्धा मावशीने शपथ घातली होती की विक्रीच्या आधीचे दिवस दुपारी मागे बघायचं नाही. तो बिचारा खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचा.

पडदा आला आणि गाठोडी वाढली. जी घरं लाजेने द्यायची नाहीत तीही द्यायला लागली. मावशीला आयुष्यात कशाचा अभिमान वाटला असेल तर ह्या पडद्याचा.

एकुलती एक लेक होती तिला. लहानपणापासून सगळं डाव्या हाताने करायची म्हणून घरात तिचं नाव डावी. मास्तरांनी तिच्यासाठी डाव्या हाताची कात्री शोधून शोधून आणली होती, आणि घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती दाखवली होती. विणकाम मात्र तिला मावशीने शिकवलं. शेजारी बसवून शिकवलं तर पोरीचे हात गोंधळायचे. मग मावशीने तिला समोर बसवलं, आरशासारखं. आईचा उजवा हात चालला की लेकीचा डावा चालायचा. पोर भराभर शिकली. फक्त तिच्या विणीत सगळं फिरलेलं असायचं. बाहीचे टाके कमी करताना आईची तिरपी ओळ ज्या बाजूला झुकायची, तिची बरोबर दुसऱ्या बाजूला.

आणखी एक गंमत होती. मावशीला स्वतःला विणकाम एका नणंदेने घाईघाईत शिकवलेलं. त्यात गळ्याशी, पहिल्या काजाच्या आधी, एक उलटा टाका जास्तीचा पडायचा. चूकच होती ती. दिसायलाही वाईट दिसायची, छोटासा खडा बसल्यासारखी. मावशीला ती पुढे कळली, पण हाताला वळण लागलं होतं. डावीने तो खडा नक्षी समजून उचलला. आईने सांगितलं, बाई गं, ही चूक आहे, गाळ. तर म्हणाली, तुझ्या स्वेटरला आहे ना, मग माझ्याही असू दे.

डावी मोठी झाली आणि बस डेपोतल्या एका मेकॅनिकशी लग्न करायचं म्हणाली. माणूस वयाने मोठा, पहिली बायको वारलेली. मास्तर ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. आवाज चढले. शेवटी ते म्हणाले की आता ह्या दारातून गेलीस तर दार मिटलं असं समज. मावशी तेव्हा मशीनवर बसली होती. पाय पायट्यावर होते. उठावं, पोरीचा हात धरावा, निदान दारापर्यंत जावं, असं सगळं मनात आलं. पाय मात्र पायट्यावरच राहिले. डावीने एकदा आईकडे बघितलं, थांबली, आणि गेली. मशीनखालच्या कापडावर तेवढ्यात एक लांब वाकडी शिवण पडली होती. ती मावशीने नंतर उसवली.

पुढे मेकॅनिकची बदली झाली, कुठे ते कुणी धड सांगेना. घरात तिचं नाव निघेनासं झालं. मास्तर काढायचे नाहीत म्हणून मावशी काढायची नाही, आणि मावशी काढत नाही म्हणून मास्तर. अशी वर्षं गेली. डावी कात्री मात्र दुकानात खिळ्याला लटकलेली राहिली. उजव्या हाताच्या माणसाला तिचा काय उपयोग, पण दोघांपैकी कुणी ती उतरवली नाही.

मग एका वर्षी विक्रीच्या आधीच्या एका दुपारी मावशी खिडकीशी बसली होती. आत चार-सहा जणी घड्या घालत होत्या, चहा उकळत होता, अध्यक्षीणबाई कुणाला तरी घडी कशी घालू नये ते सांगत होत्या. चौकटीवर टकटक झाली. पडद्याखालून एक गाठोडं अर्धं आत आलं. मावशीने गाठ धरून ओढलं. येईना. पुन्हा ओढलं. बाहेरून कुणीतरी धरून ठेवलं होतं.

असं कधीमधी व्हायचं. द्यायला निघालेल्या माणसाचा हात ऐन वेळी मागे येतो. मावशीला अशा वेळी थट्टा सुचायची, आणि थट्टेने माणूस मोकळा होतो असा तिचा अनुभव होता.

"सोडा आता, बाई," ती म्हणाली. "दिलं म्हणायचं आणि धरूनही ठेवायचं, असं कसं चालेल?"

आतल्या जणी हसल्या. गाठोडं थोडा वेळ तसंच ताणलेलं राहिलं, आणि मग एकदम सुटलं. मावशी स्टुलावरून पडता पडता वाचली, ती स्वतःही हसत सुटली, आणि हसतच म्हणाली, "मिळालं हो!"

पावलं लगेच निघाली नाहीत. मग निघाली.

चहा झाल्यावर तिने गाठोडं सोडलं. वर एक सैल झगा, पोटाशी ताणलेला. त्याखाली बाळाची दुपटी. त्याखाली टोपडी, पायमोजे, आणि पांढऱ्या लोकरीचा स्वेटर, मावशीच्या तळहाताएवढा. तिने सवयीने वाचायला घेतलं. झगा बराच वापरलेला, म्हणजे दिवस भरत आलेले. दुपट्यांना मात्र दुधाचा वास नाही, डाग नाही, धुवून पिळल्याची चुणी नाही. टोपड्याच्या नाडीला गाठ कधी पडलीच नव्हती. स्वेटरच्या काखेत लोकरीचे गोळे नाहीत. सगळा सरंजाम नवा. बाळासाठी आईने सगळं करून ठेवलं होतं, आणि घालायला बाळ नव्हतं.

अशी गाठोडी आधीही आली होती. अशा वेळी ती कपड्यावरून एकदा हात फिरवायची आणि मग कामाला लागायची. तसाच तिने हात फिरवला. बोट गळ्याशी आलं आणि तिथे खडा लागला.

पहिल्या काजाच्या आधी, एक उलटा टाका जास्त.

तिने बाही उलटली. तिरपी ओळ दुसऱ्या बाजूला झुकलेली होती. दुसरी बाही बघितली. तीही.

चूक मावशीची होती आणि हात तिच्या लेकीचा. जगात असं विणणारी दुसरी बाई नव्हती.

ती उठली ती थेट खिडकीकडे गेली आणि तिने पडदा एका झटक्यात बाजूला सारला. गल्लीत औषधाच्या रिकाम्या पेट्या होत्या, आणि त्यांवर एक मांजर बसलं होतं. मांजराने तिच्याकडे बघितलं.

"मावशी, पडदा!" मागून अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "अहो, तुमचाच नियम."

मावशी तशीच औषधाच्या दुकानात गेली. दुकानदार भिंतीकडे तोंड करून पेपर वाचत होता. आत्ता मघाशी मागे कोण आलं होतं, तिने विचारलं. त्याला वाटलं ती परीक्षा घेतेय.

"मला काय माहीत, मावशी? तुम्हीच शपथ घातलीय. एवढी वर्षं झाली, एकदाही मान वळवली नाही मी," तो म्हणाला, आणि शाबासकीची वाट बघत राहिला.

शाबासकी तिने दिली. काय करणार, त्याची काही चूक नव्हती.

मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली, आणि प्रत्येक गोष्ट आधीच्यापेक्षा खोल रुतली. गाठोडी कोण सोडतं हे डावीला ठाऊक होतं. पडद्याचं कापड कापताना दुसरं टोक तिनेच धरलं होतं. गाव सोडून गेलेली पोर एवढ्या लांबून गाठोडं घेऊन आली, ती दान करायला नव्हे. दान कुठेही करता येतं. घरी यायला दार मिटलेलं, म्हणून आईच्या हाताला लागेल अशा जागी येऊन तिने आपलं दुःख ठेवलं. आणि गाठ आईच्या हातात गेल्यावर तिला सोडवेना. वीतभर अंतरावर उभी होती. एका टोकाला तिचा हात, दुसऱ्या टोकाला आईचा. आणि आई म्हणाली, सोडा आता, बाई.

लेकीला बाई म्हणाली. सगळ्या हसल्या. तीही हसली.

दुसऱ्या दिवशी ती डेपोत गेली. मेकॅनिकला ओळखणारा एक जुना माणूस भेटला. त्याने सांगितलं की तो दोनदा बदलून गेला, शेवटी नोकरीच सोडली, आता कुठे आहे देव जाणे. बसगाड्यांकडे बघत मावशी जराशी बसली. इतक्या गाड्या, आणि त्यांतल्या कुठल्या तरी एकीने ती काल येऊन गेली होती.

घरी येऊन तिने स्वेटर मास्तरांपुढे ठेवला. ते दुकानात इस्त्री करत होते. शिंपी माणूस कपडा आधी आतून बघतो. त्यांनीही स्वेटर उलटा केला, दाराच्या उजेडात धरला. बाहीवर त्यांचा अंगठा थांबला. मग गळ्याशी.

"घातलाच नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

मास्तरांनी स्वेटर सुलटा केला, टेबलावर नीट पसरला, त्यावर ओलं फडकं टाकलं आणि इस्त्री फिरवायला लागले. फिरवत राहिले. इस्त्री केव्हाची गार झाली होती. मावशीला ते दिसत होतं. फार वेळाने ते म्हणाले, "टेबलावर ठेव. विक्रीच्या."

"अहो, आपल्या नातवंडाचा आहे तो."

"तिला ठेवायचा असता तर तिने ठेवला असता. कुणाच्या तरी अंगाला लागू दे." एवढं बोलून ते दाराकडे तोंड करून उभे राहिले. "तू निदान गाठोडं घेतलंस. मी असतो तर..."

त्या दिवसापासून ते दुपारी जेवायला बसताना दुकानाचं दार लोटून घेईनासे झाले. वारा येतो, धूळ येते, कुत्रं येतं, मावशी सगळं सांगून थकली. येऊ दे म्हणायचे.

स्वेटर विक्रीत गेला. मावशीने तो टेबलाच्या मधोमध ठेवला नाही आणि कडेलाही ठेवला नाही. एका गरोदर पोरीने उचलला. तिला तो फारच आवडला. गालाला लावून बघितला, नवऱ्याला दाखवला, मग गळ्याशी बोट लावून म्हणाली, इथे काहीतरी चुकलंय वाटतं? मावशी म्हणाली, नाही गं, नक्षी आहे ती. आणि घडी घालून दिली.

थंडी सरत आली तेव्हा एक दिवस भाजी घेताना ती पोर पुढे उभी दिसली. कडेवर बाळ, बाळाच्या अंगात पांढरा स्वेटर. बाळाने मावशीकडे बघून हात पुढे केला, बाळं करतात तसा, कुणाकडेही बघून. बाही थोडी वर सरकली होती. मावशीच्या तोंडात शब्द आले. अगं, हा तर आमच्याकडचा. अगदी तेच शब्द, ज्यांच्यापायी तिने एके काळी सगळं मंडळ हलवलं होतं. तेवढं एकदा म्हणावं, बाळाला एकदा घ्यावं, गळ्याशी बोट लावावं. पोर चांगली होती, नाही म्हणाली नसती.

मावशीने भाजी उगाच उलटसुलट केली. बाळ छान आहे म्हणाली, कुणालाही म्हणावं तसं. मग पिशवी उचलून घरी आली. मशीनवर बसली. पायट्यावर पाय ठेवून नुसतीच बसून राहिली.

पुढच्या वर्षी तिने मंडळात विषय काढला की पडदा काढून टाकू या. कारण काही सांगितलं नाही. तिचं ऐकायची सवय होती, म्हणून पडदा काढला. तर गाठोडी यायची थांबली. गल्लीच्या टोकाशी बायका दिसायच्या, उघड्या खिडकीत मावशी बसलेली बघायच्या आणि परत वळायच्या. त्या वर्षी वॉर्डला काही देता आलं नाही. अध्यक्षीणबाई तिच्याशी पहिल्यांदाच थोडक्यात बोलल्या. म्हणाल्या, "मावशी, तुमचं काय ते मला विचारायचं नाही. पण वॉर्डात बाळं गारठतात हो."

मावशीने पडदा धुवून, कोपऱ्यात उसवला होता तिथे शिवून, पुन्हा लावला.

पण तिने एक केलं. टकटक झाली की ती गाठोडं ओढायची नाही. आधी पडद्याखालून आपला हात बाहेर काढायची आणि पलीकडचा हात धरायची. बायका पहिल्यांदा दचकल्या. मग मंडळाची नवी पद्धत असेल म्हणून हात देऊ लागल्या. राबलेले हात, ओले हात, बांगड्यांचे, बिनबांगड्यांचे. एखादी रडायचीसुद्धा, पलीकडे उभी राहून. पुढे आलेला हात डावा असला की मावशी तो जरा घट्ट धरायची. मग तिचं बोट त्या हाताच्या तर्जनीवर सरकायचं, जिथे विणणाऱ्या बाईला सुईचा घट्टा पडतो. पण तो गाठोडं उजव्या हातात असलेल्या कुणाचा तरी नुसताच डावा हात असायचा.

डावी काही आली नाही. मास्तर गेले, तेव्हा दुकानाचं दार उघडंच होतं. मावशीचे गुडघे गेले, मग नजर गेली. निवडायचं काम दुसऱ्यांनी घेतलं, पण खिडकीची जागा तिने सोडली नाही. हात धरायला नजर लागत नाही, म्हणायची. शेवटची काही वर्षं तिला दोन जणी धरून स्टुलावर बसवत.

ती गेल्यावर तिथे अध्यक्षीणबाईंची सून बसायला लागली. तीही हात धरायची. नव्याने आलेल्या एकीने तिला विचारलं की हे हात धरायचं कशासाठी. तिला काही सांगता येईना. पहिल्यापासून असंच आहे, म्हणाली. आणि एक लक्षात ठेव, मावशीने शिकवलंय, गाठोडं आपण ओढायचं नाही, आणि पलीकडच्या बाईने आपणहून सोडल्याशिवाय हातही सोडायचा नाही.